अठरा होल आणि बाटलीतले अठरा पेग

गोल्फविषयीचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. ‘गोल्फ’ हा शब्द ‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ यांच्या आद्याक्षरांतून बनला, हा खेळ स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ‘ओल्ड कोर्स’ या मैदानावर जन्मला आणि व्हिस्कीच्या बाटलीत अठरा पेग मावतात म्हणून तेथे एका फेरीत अठरा होल (चेंडू मारण्याच्या जागेपासून खळग्यापर्यंतचे टप्पे) ठरले, असे त्यात ठामपणे सांगितलेले असते. यातील एकही विधान टिकत नाही.

पहिले विधान सर्वांत कच्चे आहे. १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने धनुर्विद्येच्या सरावाकडे दुर्लक्ष होते म्हणून फुटबॉल व गोल्फ यांवर बंदी घातली, तेव्हा हा शब्द कायद्यात लिहिण्याइतका रुळलेला होता. स्त्रियांना मज्जाव करतील असे क्लब पुढे जवळजवळ तीन शतकांनी निघाले. मज्जाव मात्र खरा होता. सेंट अँड्र्यूजच्या ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबाने स्त्रियांना सभासदत्व २०१४ मध्ये खुले केले. त्याच गावात स्त्रियांचा स्वतंत्र क्लब १८६७ पासून आहे, आणि त्यांच्या उंचसखल पटिंगच्या (चेंडू हळूच ढकलून खळग्यात घालण्याच्या) हिरवळीला चक्क ‘हिमालय’ म्हणतात.

जन्मस्थानाचा दावाही सिद्ध होत नाही. राजा चौथा जेम्स याने १५०२ मध्ये पर्थच्या एका धनुष्यकाराकडून गोल्फच्या काठ्या घेतल्याची नोंद आहे, तर ज्ञात असलेले सर्वांत जुने लेखी नियम १७४४ मध्ये एडिंबराजवळच्या लीथ येथे झाले. सेंट अँड्र्यूजच्या नागरिकांचा त्या माळावर गोल्फ खेळण्याचा हक्क १५५२ च्या सनदेत नमूद आहे. तो मान मोठा आहे, पण त्यातून जन्मस्थान ठरत नाही.

राहिला अठराचा आकडा. ओल्ड कोर्स हा समुद्रालगतचा चिंचोळा पट्टा असल्यामुळे खेळाडू टोकापर्यंत जाऊन त्याच होलांवरून परत येत, आणि अशी फेरी बावीस होलांची होई. १७६४ मध्ये सुरुवातीचे चार होल फार आखूड वाटल्याने त्यांचे दोन करण्यात आले. परतीच्या वाटेवरही तेच असल्याने तेथेही दोन कमी झाले आणि अठरा उरले. आजही तेथील सात हिरवळी जोडीच्या, म्हणजे दोन होलांना सामाईक आहेत आणि प्रत्येक जोडीतील होलांच्या क्रमांकांची बेरीज अठराच येते. (बाटलीचा हिशेबही जुळत नाही: ७५० मिलिलिटरचे आपल्याकडील ६० मिलिलिटरचे पेग साडेबाराच होतात.) इतरत्र हा आकडा पाळला जात नव्हता. लीथला पाच होल होते आणि स्कॉटलंडमधीलच प्रेस्टविकला बारा, त्यामुळे १८६० ची पहिली ‘ओपन’ ही गोल्फची प्रसिद्ध ब्रिटिश स्पर्धा प्रेस्टविकला बारा होलांच्या तीन फेऱ्यांत झाली. १८७३ मध्ये ती प्रथमच सेंट अँड्र्यूजला गेली, तेव्हा तेच ३६ होल दोन फेऱ्यांत बसले.