सातबाऱ्यावरचा पोटखराबा

मागच्या मे महिन्यात मावसभावासोबत साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गेलो होतो. ठोसेघरच्या पुढं वर चढलं की सगळा कातळ, ऊन तर असं की बूट घालूनही तळपाय भाजतात. तो म्हणाला, दादा इथं काय बघायचं, नुसता पडीक माळ. तेवढ्यात समोरच्या दगडावर एक सरडा चढला, शेपूट धरून वीतभर असेल नसेल, आणि गड्यानं गळ्याखालची पिशवी उघडली. निळी, काळी, केशरी. मिटली, परत उघडली. मादीसाठी चाललेलं सगळं, आम्ही फुकटचे प्रेक्षक.

याच पठारावरच्या सरड्यांवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी अभ्यास केलाय, २०१८ ला छापून आला. पवनचक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, म्हणून सरडे वाढले. वाटतं बरं झालं, पण तेच सरडे अंगानं बारीक, रंगानं फिके आणि माणूस जवळ गेला तरी लवकर पळत नाहीत, भीतीच गेली त्यांची. मी पवनचक्कीच्या विरोधात नाही हां, पंखा मलाही लागतो. पण वीज करायला जागा कुठली, तर ही, कारण सडा, म्हणजे असला कातळाचा माळ, सातबाऱ्यावर पोटखराबा, लागवडीला निरुपयोगी, आणि पीक येत नाही म्हणजे तिथं काहीच नाही असं आपण धरून चालतो.

अॅमेझॉनचं जंगल जळालं की आपण स्टेटस ठेवतो, आणि सह्याद्रीच्या सड्यावर उगवणारा वायतुरा किती जणांनी बघितलाय? वाय आकाराचा दोन फाट्यांचा तुरा, पावसात कातळावर साचलेल्या वीतभर पाण्यात येतो, बाकी वर्षभर नुसता कंद मातीत गप पडून. जगाला त्याची नीट ओळख झाली १९८२ ला, शास्त्रीय नावात सातारा आहे! उन्हाळ्यात त्या जागेवर जेसीबी फिरवला तर फिरवणाऱ्याला कळणारसुद्धा नाही की काय गेलं.

आणि नुसती जाळी मारूनही भागत नाही. कासच्या फुलांच्या पठाराला कुंपण घातलं, गुरं चरायची थांबली, तर गवत माजून फुलं कमी झाली असं गावातली माणसं ओरडत होती, शेवटी जाळी काढली. त्यांना आधी विचारलं असतं तर? असो. २०१२ ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत कासचं नाव आलं तेव्हा साताऱ्यात पेढे वाटणारे आपणच, आणि रविवारी फुलांत आडवं पडून फोटो काढणारेही आपणच.

येताना भावानं सरड्याचा व्हिडिओ स्टेटसला टाकला. पहिला रिप्लाय आला, "तिकडं गुंठ्याला काय रेट चाललाय रे?"