यूट्यूब चालतंय ना?

राउटरच्या पाठीवर टाचणीएवढं एक भोक असतं. त्यात पिन खुपसून दहा-पंधरा सेकंद दाबून धरली की राउटर आपला सगळा भूतकाळ विसरतो. हे भोक ब्रॉडबँडवाल्या माणसाला दिसेल अशा जागी नसावं, असं माझं परवापासून ठाम मत झालं आहे.

प्रकरण एवढंसं. हॉलमधल्या फायबरच्या डब्याची (म्हणजे कंपनीच्या राउटरची) रेंज आतल्या खोलीत पोचत नाही, ५ गीगाहर्ट्‌झ वायफाय तर आरसीसीच्या भिंतीपुढे हातच टेकतं. म्हणून दुसरा राउटर. शिवाय माळ्यावर एक जुना लॅपटॉप लिनक्स घालून सर्व्हर म्हणून चालू असतो, त्यात बाहेरगावाहून एसएसएचने (दुरून लॉगिन करायची सोय) शिरता आलं पाहिजे. नुसती रेंज हवी असेल तर काम किरकोळ आहे. दुसऱ्या राउटरचा डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ असा एखादा मोकळा पत्ता द्या आणि डब्याकडून आलेली केबल वॅनमध्ये (बाहेरच्या नेटसाठीच्या भोकात) न खोचता लॅन (घरातल्या यंत्रांसाठीच्या) पोर्टात खोचा. घरात एकच नेटवर्क राहतं, सर्व्हर जिथल्या तिथे. केबल वॅनमध्ये गेली की नॅटवर नॅट (नॅट म्हणजे आतल्या अनेक यंत्रांनी मिळून बाहेर एकच पत्ता वापरणं): पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचा क्रमांकाचा दरवाजा, आधी डब्यातून राउटरकडे आणि मग राउटरमधून सर्व्हरकडे, असं दोनदा फॉरवर्ड करावं लागतं. त्यात दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ निघाला तर एकाला बदलल्याशिवाय गत्यंतर नाही.

मला मात्र सगळा कारभार माझ्याच राउटरकडे हवा होता. त्यासाठी डबा ब्रिज मोडवर टाकायचा (मग तो नुसती लाइन पुढे देतो) आणि पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीकडे लॉगिन करायचं, युजरनेम, पासवर्ड आणि लाइनचा व्हीलॅन नंबर राउटरमध्ये भरायचा. तो नंबर कंपनीकडे. म्हणून तक्रार, म्हणून हा माणूस.

“नेट बंद आहे का सर?”

“नाही, चालू आहे.”

“मग?”

“बाहेरून आत यायचंय.”

“कोणाला?”

“मला.”

त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “तुम्ही तर घरातच आहात.”

गावाला गेल्यावर, असा खुलासा केला. तर म्हणे, गावाला गेल्यावर मोबाईलचा डेटा वापरा ना, एवढं लांब घरी कशाला यायचं! या युक्तिवादावर मी तोंड उघडेपर्यंत गळ्यातल्या ओळखपत्रामागून सिम काढायची पिन निघालीसुद्धा. सर्व्हरच्या मॅक पत्त्यावर (यंत्राच्या ओळख क्रमांकावर) राखून ठेवलेला आयपी, पोर्ट फॉरवर्डिंग, डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सोय), सगळं साफ. “फ्रेश करून दिला,” तो म्हणाला. मोबाईलमध्ये बघून युजरनेम त्याने स्वतःच भरलं. मला स्क्रीन दिसू नये म्हणून पाठ वळवून. मग बैलगाडा शर्यतीचा व्हिडिओ लावला. “यूट्यूब चालतंय ना? फोर के आहे बघा.” मग स्पीड टेस्ट. “शंभरचा प्लॅन, एकशेचार येतंय. वरचे चार आमच्याकडून.”

मी डब्याचं वॅन स्टेटसचं पान उघडून दाखवलं. पत्ता १००.७२ ने सुरू होणारा. हा पब्लिक, म्हणजे बाहेरून गाठता येणारा, आयपी नाही, मी म्हटलं. तो पानावर वाकला आणि त्याचा चेहरा उजळला. “बरोबर आहे की सर! शंभरचा प्लॅन, शंभरचा आयपी.”

ब्रिज मोड? “ते बॅकएंडवरून होतं.” आणि हात पुढे: “ओटीपी सांगा, कम्प्लेंट बंद करायचीये.” ओटीपी दिल्याशिवाय तो खुर्चीतून उठेना. दिला. तक्रार ‘सोडवली’ गेल्याचा संदेश तो जिना उतरायच्या आत आला.

आता त्या शंभराचं. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास कंपन्यांच्या मोठ्या नॅटसाठी राखून ठेवला गेला. त्याआधी वर्षभर, एप्रिल २०११ मध्ये, आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचे आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे) पत्ते शेवटच्या गठ्ठ्यावर आले होते. पत्ते पुरेनात, म्हणून अनेक घरांना मिळून बाहेर एकच पत्ता. म्हणजे दोनशे फ्लॅटच्या सोसायटीला गेटवर एकच बेल, आणि बेलवर नाव कोणाचंच नाही. आतून बाहेर कोणीही जाऊ शकतो. बाहेरून आलेला पाहुणा गेटवरूनच परत. घरातल्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, कंपनीच्या नॅटवर ते उघडायला आपला हात पोचत नाही. वॅनवरचा पत्ता आणि ‘माझा आयपी’ सांगणाऱ्या वेबसाइटवरचा पत्ता वेगळे दिसले, आणि मध्ये आपलाच दुसरा राउटर नसेल, तर समजा तुम्ही गेटाच्या आत अडकलात. मला या यादीत कधी ढकललं, हे सांगायची कंपनीला गरज वाटली नाही. बिल मात्र वेळेवर येतं.

उपाय उलटा आहे: सर्व्हरनेच बाहेर फोन लावायचा. भाड्याने छोटा व्हीपीएस (पब्लिक पत्ता असलेला इंटरनेटवरचा सर्व्हर) घ्यायचा, त्यावर वायरगार्ड (दोन यंत्रांमध्ये सुरक्षित बोगदा टाकणारं सॉफ्टवेअर), यूडीपी ५१८२० हा पोर्ट तिथे उघडायचा. घरी एकही पोर्ट नाही. घरच्या टोकाला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असा निरोप) २५ सेकंद हवाच, नाहीतर मधली नॅट काही क्षणांत ओळख विसरते. लॉगिन होतंय पण मोठी फाइल मागितली की सगळं थिजतंय, असं झालं तर एमटीयू (एका पाकिटात मावणारे जास्तीत जास्त बाइट) बघा. पीपीपीओईचा १४९२; बोगदा आयपीव्ही६ (नव्या पद्धतीच्या पत्त्यां) वरून जात असेल तर त्यातून बोगद्याच्या वेष्टनाचे ८० वजा, म्हणजे १४१२. वायरगार्डचा नेहमीचा १४२० त्यात मावत नाही. आणि चाचणी मोबाईलचं वायफाय बंद करून, डेटावरून घ्या. घरात बसून घेतलेली चाचणी तुम्ही बाहेरून येऊ शकता की नाही हे सांगतच नाही.

सरळ मार्ग स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या पब्लिक, आयपीचा. तोही मागून पाहिला. पूर्वी फुकट मिळायचा तसलाच पत्ता, आता दरमहा वेगळे पैसे. फॉर्ममध्ये ‘कारण’ असा रकाना आहे. ‘घरचा सर्व्हर’ असं लिहिलं तर फोन आला.

“सर, सर्व्हर म्हणजे बिझनेस. बिझनेस प्लॅन घ्यावा लागेल.”

“त्यात घरचे फोटो आहेत हो.”

“मग गुगलवर टाका ना.”