कमांड टाकली म्हणजे टाइम जुळला असं नसतं

आज जळगाव एमआयडीसीत एका कंपनीत गेलो होतो. आमच्याच पोरानं चेकलिस्टवर "एनटीपी ओके" लिहून खाली सही ठोकलेली. एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून मशीनची घड्याळं जुळवायची पद्धत. विचारलं, बघितलं का रे? तर म्हणे, सर कमांड टाकलीय ना. मी स्विचवर, म्हणजे नेटवर्कची मशीनं जोडणाऱ्या डब्यावर, शो एनटीपी स्टेटस मारलं. अनसिंक्रोनाइज्ड, स्ट्रॅटम (मूळ घड्याळापासून किती पायऱ्या लांब तो आकडा) १६. म्हणजे याला टाइम कुठूनच मिळत नाहीये, स्वतःच्या मनानं चाललाय. डोकंच फिरलं माझं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. मला नाना आठवले.

पारोळ्याकडे एका जिनिंगवर नाना रात्रीचे वॉचमन होते. एका रात्री तांब्याची केबल गेली. कॅमेऱ्यात पिकअप २:१० ला, आणि मागच्या गेटच्या मशीनवर नानांचं कार्ड २:०८ ला. झालं, गेट नानांनीच उघडलं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ते एकच सांगत होते की मी तीनच्या फेरीला निघालो तेव्हा कार्ड लावलं, पण गरिबाचं कोण ऐकतंय, दोन दिवस ऑफिसबाहेर बाकावर बसवून ठेवलं त्यांना.

तिसऱ्या दिवशी मला बोलावलं, ते पण रेकॉर्डिंग काढायला. मला बघून नाना उठून उभे राहिले, "भाऊ, मी चोर नई शे." मशीनसमोर मोबाईल धरला तर मशीन ४७ मिनिटं मागे! २:०८ म्हणजे खरे २:५५. कॅमेऱ्याचं नेट वेगळं होतं, त्याचा टाइम बरोबर. मशीन टाइम घेणार स्विचकडून, स्विच घेणार बाहेरून, आणि फायरवॉलवर, म्हणजे नेटच्या दारावरच्या पहारेकऱ्याकडे, एनटीपीची वाट म्हणजे यूडीपी १२३ पोर्ट बंद. दीड वर्ष बंद! रोज पाचेक सेकंद मागं पडत पडत ४७ मिनिटं. आणि तो स्विच मीच बसवला होता. कमांड मीच टाकली होती. स्टेटस बघितलं नव्हतं.

मान्य, टाइम चुकला म्हणून नेट बंद पडत नाही. रीबूटनंतर थोडा वेळ १६ दिसतोच, तेही मान्य. पण नंतर परत येऊन बघायला काय जातं? सर्ट-इननं (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ ला लेखी सांगितलंय की एनआयसी (सरकारी माहिती-तंत्रज्ञान केंद्र) नाहीतर दिल्लीच्या एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) टाइम सर्व्हरशी घड्याळं जुळवा, तरी आपण सही ठोकून मोकळे. लॉग म्हणजे साक्ष आहे रे बाबांनो, एखाद्याच्या रोजीरोटीवर उठणारी साक्ष!

पोरावर ओरडलो फार. नंतर वाईट वाटलं, त्याला हे कोणी शिकवलंच नव्हतं. मग १२३ उघडून घेतला आणि शो एनटीपी असोसिएशन्स लावून दोघं तिथंच उभे राहिलो. रीच म्हणजे सर्व्हरनं किती हाकांना उत्तर दिलं त्याचा आकडा, तो आठच्या पाढ्यानं (ऑक्टल) मोजतात. रीच १, मग ३, ७, १७... दर ६४ सेकंदाला एक पाऊल. सर्व्हरपुढे स्टार आला, म्हणजे स्विचनं तो सर्व्हर धरला, तसं पोरगं म्हणालं झालं सर, म्हटलं थांब, ३७७ होऊ दे, म्हणजे शेवटच्या आठही हाकांना उत्तर आलं. आठ-नऊ मिनिटं लागली. तेवढ्यात त्याला नानांचं सगळं सांगितलं.

मालकानं नानांना नंतर परत बोलावलं होतं. "मशीनची चूक होती" म्हणाला, "आमचं चुकलं" नाही म्हणाला. नाना गेले नाहीत. आता शेतावर रखवालीला जातात, पगार निम्मा.

पोरानं चेकलिस्टवरचं "ओके" खोडलं आणि तिथं स्ट्रॅटम, ऑफसेट (घड्याळातला फरक), रीच तिन्ही आकडे लिहिले. मी सांगितलं नव्हतं.