वाटेतच तर आहे!

आज सकाळी सव्वासातला फॅमिली ग्रुपवर साडूंचा मेसेज. माझा चहासुद्धा अजून गाळायचा होता. अठरा फोटोंचं कोलाज, वर "एक दिवस, दहा ठिकाणं!!" आणि सोबत कालच्या अलिबाग-मुरूड सहलीचा तो तक्ता. दहाच्या दहा ओळी हिरव्यागार. शेवटच्या ओळीत लिहिलंय, 'जंजिरा – झाला.'

झाला?

कुठून झाला हो? राजपुरीच्या धक्क्यावर आपण टेकलो पाच वाजून दहा मिनिटांनी. होडीवाल्याने शीड गुंडाळलेलं. बिडी पेटवत म्हणाला, "शेवटची गेली. आता उद्या." समोर पाण्यात तो किल्ला. होडी अगदी भिंतीला टेकेपर्यंत ज्याचं दार दिसत नाही, तो. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात दगड टाकून सेतू बांधायला घेतला तरी जो हाती लागला नाही, तो. आमच्या साडूंनी तो धक्क्यावरूनच घेतला. पाठ किल्ल्याकडे, तोंड मोबाइलकडे, दोन बोटं वर. मग मान खाली घालून अंगठ्याने ओळ हिरवी केली आणि म्हणाले, "चला, हापण कव्हर झाला." किल्ला असाही पडतो हे सिद्दीला कळलं असतं, तर त्याने कलालबांगडी तोफ भंगारात घातली असती.

मी काल काही बोललो नाही. सासूबाई सोबत होत्या. आज त्या हिरव्या रंगाने डोकं फिरलं. त्यात मेव्हणीने खाली लिहिलं, "सुपर प्लॅनिंग!" आणि आमच्याच घरातून, माझ्यापासून चार फुटांवरून, त्याला बदामाचं चिन्ह गेलं. मी किचनकडे बघितलं. ही शांतपणे पोळ्या लाटत होती.

'कव्हर' हा शब्द माझ्या डोक्यात जातो. किल्ला कव्हर, बीच कव्हर, देऊळ कव्हर. मार्चमध्ये पोर्शन संपवणाऱ्या मास्तरासारखं. आणि त्याच्या जोडीला ते तीन शब्द: वाटेतच तर आहे. या तीन शब्दांनी जेवढ्या सहली नासल्या तेवढ्या पावसाने नासल्या नसतील. चौल? वाटेतच तर आहे. बिर्ला मंदिर? अहो दादा, पूल ओलांडला की साळावला, वाटेतच तर आहे! आता एका किनाऱ्याने एकच रस्ता जात असेल तर त्यावरचं सगळं वाटेतच असणार ना. गोवापण वाटेतच आहे.

खारघरपण वाटेतच होतं. त्यांना घ्यायला मीच. गाडी माझी, सात सीटची, म्हणजे सातही सीट भरल्याच पाहिजेत असा काहीतरी कायदा आहे. तक्त्यात 'पहाटे ५.०० – ठाण्याहून प्रस्थान' असं छापलेलं. प्रस्थान! वारी आहे का? आम्ही कासारवडवलीहून पाच वीसला निघालो. घोडबंदर रोडवर पहाटेसुद्धा ट्रकांची रांग, ते दुःख आता कोणाला सांगायचं. खारघरला सहाला पोचलो तर साडू खाली उभे, मनगटावरचं घड्याळ दाखवत. "दादा, वीस मिनिटं मागे आहोत." आणि मेव्हणी अजून आंघोळीला गेलेली. वीस मिनिटं मागे म्हणे. सात वाजता हललो तिथून.

दादरच्या मामेभावाने कालच विचारलं, "गाडीसकट रो-रो बोटीने का नाही गेलात? तासाभरात मांडवा." हो रे बाबा. घोडबंदरहून आधी भाऊच्या धक्क्याला जायचं, म्हणजे अख्खी मुंबई उभी कापायची, आणि मग समुद्र ओलांडून परत इकडे यायचं. मुंबईकरांना वाटतं समुद्र त्यांच्या घरासमोर आहे म्हणजे सगळ्यांच्याच. त्यात जानेवारी २०२४ मध्ये त्यांना अटल सेतू मिळाला. २१.८ किलोमीटर सुळकन येतात आणि आपण पळस्प्याला रांगेत असेपर्यंत हे पेणच्या पुढे वडा खात असतात. त्यानंतर वडखळ. वडखळबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल-इंदापूर रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता. काल तो मागच्या सीटवर इंजिनिअरिंगच्या सबमिशनचं लिहीत होता आणि महामार्गाचं काम आहे तिथेच.

पावणेअकराला अलिबाग. आणि आता खरी गंमत.

शनिवारी रात्री सासूबाई म्हणाल्या होत्या. त्यांचं माहेर नागाव. त्यांनी कॅलेंडर बघितलंसुद्धा नाही, बोटांवर मोजलं. "उद्या माघी पुनव. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती भरणार. किल्ल्यात सकाळचं जाताच येणार नाही, संध्याकाळी ओहोटीला जा." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर सहा, एकादशी असेल तर सव्वाआठ. किनाऱ्यावरच्या पोराला पाढ्यांबरोबर येतं हे. तक्त्याच्या मालकांनी फोनवर सांगितलं, "आई, मी गूगलवर सगळं चेक केलंय. कुलाबा किल्ला, सकाळी नऊला उघडतो."

उघडतो! दुकान आहे ते? किल्ला उघडला तरी मधला समुद्र कोण उघडणार?

वाळूवर उभे राहिलो तर समोर पाणीच पाणी, किल्ला तरंगतोय. ओहोटीला जिथून लोक चपला हातात घेऊन चालत जातात, तिथे छातीभर लाटा. घोडागाडीवाला घोड्याला गवत टाकत होता. साडूंनी त्याला विचारलं, "किती घेणार?" तो म्हणाला, "घोडा पोवत नाय दादा. साडेचारला या." आणि यातली मेख अशी की आम्ही तक्त्याप्रमाणे अगदी आठाच्या ठोक्याला पोचलो असतो तरी पाणी चढायला लागलेलंच असतं. म्हणजे प्लॅन उशिराने नाही फसला. तो शुक्रवारी, लॅपटॉपवर बनतानाच फसला होता. सासूबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. काच खाली करून फक्त म्हणाल्या, "भरलंय ना?"

फोटो. हिरवी ओळ. कुलाबा – झाला.

कान्होजी आंग्र्यांच्या समाधीला चार मिनिटं. १७२९ पासून तो दर्याचा राजा तिथे निवांत आहे, आम्हाला गाडी बंद करायलाही सवड नव्हती. आक्षीच्या शिलालेखापाशी तर साडूंनी गाडीतूनच फोटो काढला. शके ९३४ चा लेख, मराठीतला सगळ्यात जुना म्हणून पुस्तकात शिकलेला. काचेवर डिझेलच्या काजळीचा थर होता. फोटोत लेख नाही, माझं नाक आहे.

पण मी खरा पेटलो तो नागावला. सासूबाईंच्या भावाकडे. तक्त्यात 'मामांकडे भेट – १५ मि.' मामांनी वाडीत पोपटी लावली होती. खरं तर पोपटी रात्रीची, थंडीत शेकत बसायची, पण भाचरं मुंबईहून येणार म्हणून भर दुपारी बाराला त्या माणसाने सुपारीच्या झाडांखाली सुकी झावळं रचली. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, वर परत पाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. आम्ही पोचलो तेव्हा नुकतंच पेटवलं होतं. अर्धा तास लागतो. त्या पाल्याचा वास सुटायला लागला, तो उग्र, ओव्यासारखा, नाकातून थेट पोटात जाणारा. मामा हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभे. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र झालं की पोपटी शिजली. एकदा शिंपडलं. चर्र नाही झालं.

आणि साडूंचा अलार्म झाला.

खरंच. फोनमध्ये अलार्म लावलेला होता. 'नागाव संपलं' असं नाव दिलेला. "मामा, पुढे चौल, रेवदंडा आहे, चार वाजता जंजिरा गाठायचाय, परत येऊ!" मामी चहाचे कप घेऊन ओट्यावर आल्या तर आम्ही चपला घालतोय. चहा उभ्याने. मामा काही बोलले नाहीत. तांब्या हातातच होता त्यांच्या. सासूबाई गाडीत बसल्या आणि साळावच्या पुलापर्यंत एक शब्द नाही. कुंडलिकेची खाडी आली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "शेंगा आत्ता उतरल्या असतील."

तर आज सकाळी मी ठरवलं, आता लिहायचंच. ग्रुपवर, सगळ्यांसमोर, पुराव्यासकट. शेवटची होडी का चुकली? तर कोर्लईमुळे. कोर्लईला पावणेदोन तास गेले. दीपस्तंभापासून किल्ल्यावर चढायचं, भर दुपारच्या उन्हात, मेव्हणीच्या पायात टाचेच्या चपला. वर गेल्यावर तिन्हीकडून समुद्र दिसतो, ते सोडा. ही कोर्लई तक्त्यात घुसवली कोणी? गेल्या तीन दिवसांचे मेसेज सरकवत पुरावा शोधला. सापडला. शुक्रवारी रात्री अकरा बेचाळीस.

"कोर्लई पण टाक रे. पोर्तुगीज किल्ला आहे, गावात अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात. वाटेतच तर आहे."

मीच लिहिलेलं. वर हसरा चेहरापण टाकलेला.

बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "सापडला का?" तिला बहुतेक शुक्रवारपासूनच माहीत होतं. मी म्हटलं, नेट चालत नाहीये.

बरं, माझं चुकलं. पण एक ठिकाण मी टाकलं, नऊ त्यांनी टाकली! प्रमाण नावाची काही गोष्ट आहे की नाही? आणि काशीद तर मी टाकलं नव्हतं. काशीदला साडूंच्या सात वर्षांच्या पोरीला बारा मिनिटं मिळाली. बारा. तिला किल्ले नको होते, समाधी नको होती, सकाळपासून एकच विचारत होती, वाळू कधी येणार. बादलीत वाळू थापून पहिला बुरूज उलटा केला तोच तिच्या बापाने तिला काखोटीला मारलं. तिने बादली सोडली नाही. तळाशी समुद्राचं पाणी आणि वाळू होती. नांदगावच्या वळणावर ती माझ्या सीटवर ओतली गेली. आता गाडीला जो वास येतोय त्याला तुम्ही कोकण म्हणा, मी साडू म्हणतो.

परतीचं तर विचारूच नका. मुरूडच्या टपरीवर चहा घेईपर्यंत दिवेलागण झाली. पुढे अलिबागपर्यंत पन्नासेक किलोमीटर वळणांचा रस्ता, समोरून येणाऱ्या प्रत्येकाचे दिवे डोळ्यांत, मागून साडू "आता एक पंचवीस मिनिटं वाचवता येतील" असा हिशोब करतायत. जाताना पोयनाडजवळ पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या होत्या. नवा कांदा, कच्चा खाल्ला तरी गोड. सासूबाईंनी दिवसभरात मागितलेली ही एकच गोष्ट. "दोन माळा घेऊ का?" तेव्हा ठरलं, परतीला घेऊ, वाटेतच तर आहे. (हे कोण म्हणालं ते मी शोधत नाही. एका दिवसाला एक पुरावा पुरे.) रात्री नऊला तिथे रिकामे बांबू आणि एक कुत्रं.

आज संध्याकाळी सासूबाईंनी खाली हातगाडीवाल्याकडून पांढरे कांदे आणले. "अलिबागचाच, मावशी" असं तो म्हणाला. त्यांनी एक चिरला, हुंगला, डोळे पुसले आणि बाजूला सारला. "आपला नव्हे हा."

त्यानंतर साडेनऊला परत टुणकन वाजलं. साडू. "पुढच्या महिन्यात दिवेआगर-श्रीवर्धन-हरिहरेश्वर! आगरदांड्याहून दिघीला गाडीसकट जेट्टीने गेलो की एका दिवसात आरामात." आरामात! आता मात्र बास. हे एका दिवसात होऊच शकत नाही हे मिनिटामिनिटाने सिद्ध करून तोंडावर मारायचं म्हणून मी लॅपटॉप उघडला. ठाणे ते आगरदांडा, रांग, जेट्टी, दिघी, जेवण, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा...

अकराला बायको पाणी प्यायला उठली. मागे उभी राहून बघत होती.

"हा शेवटचा रकाना कसला?"

"भरती-ओहोटीचा," मी म्हटलं. "प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते. म्हणून तर मी एकादशीचा रविवार धरलाय, दुपारी अडीचला—"

तिने दिवा मालवला.