बालविवाह आणि सती आक्रमणांमुळे आले? तारखा वेगळंच सांगतात

दर महिला दिनाला एक मजकूर फिरतो: प्राचीन भारतात स्त्री स्वतंत्र होती, गार्गी-मैत्रेयी सभा गाजवत होत्या, मुस्लिम आक्रमणं झाली आणि लेकीसुनांना वाचवायला बालविवाह, पडदा, सती सुरू करावे लागले.

आधी सती. मध्य प्रदेशातल्या एरणच्या इ.स. 510 च्या स्तंभलेखात गोपराज लढाईत पडला आणि त्याची पत्नी चितेवर गेली, असं कोरलेलं आहे. अरब सेनापती महंमद बिन कासिम सिंधवर आला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी, 712 मध्ये. सातव्या शतकात बाणभट्ट 'कादंबरी'त अनुमरणाला, म्हणजे नवऱ्यामागोमाग मरण पत्करण्याला, 'अतिनिष्फल' आणि अडाण्यांचा मार्ग म्हणतो. प्रथा रुजलेली होती, म्हणूनच त्याला तिच्याविरुद्ध बोलावं लागलं.

बालविवाहाचंही तेच. ऋतुप्राप्तीआधी, म्हणजे पाळी येण्याआधी, कन्यादान करा, हे गौतम धर्मसूत्र सांगतं. मनुस्मृतीत (9.94) तीस वर्षांच्या पुरुषाला बारा वर्षांची आणि चोविसाच्याला आठ वर्षांची मुलगी योग्य ठरवली आहे. दोन्ही ग्रंथ इस्लामच्या आधीचे.

गार्गी विदुषी होती, यात वाद नाही. पण बृहदारण्यक उपनिषदातच याज्ञवल्क्य ऋषी तिला बजावतो, 'अतिप्रश्न करू नकोस, नाहीतर तुझं मस्तक गळून पडेल.' ती पुन्हा उभी राहते आणि प्रश्न विचारते, हे तिचं मोठेपण. एका गार्गीवरून घरोघरच्या बायकांची स्थिती मात्र ठरत नाही.

पडद्याबाबत दाव्यात थोडं तथ्य आहे: उत्तरेतल्या राजघराण्यांत तो सुलतानी-मोगल काळात कडक झाला.

आता आपल्याकडे या. आक्रमकांची भीती हेच कारण असतं, तर पेशवाईत, राज्य आपलंच असताना, या प्रथा सैल पडायला हव्या होत्या. 1772 मध्ये थेऊरला माधवरावांच्या चितेवर रमाबाई सती गेल्या. पुढे 1891 मध्ये संमतिवय (शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय) दहावरून बारा करायचा कायदा आला, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत टिळक होते. 'आमच्या धर्मात सरकारने हात घालू नये' हा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या प्रथेला धर्म म्हणून राखलं, ती आता परक्यांनी लादलेली कशी ठरते?

आणि रखमाबाई! अकराव्या वर्षी लग्न झालेलं. 1887 मध्ये मुंबईच्या न्यायालयाने सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. कैद भोगेन पण जाणार नाही, असं त्या म्हणाल्या. तेव्हा त्यांच्यावर तुटून पडलेल्यांत आपलीच मराठी वर्तमानपत्रं होती.