सातबारा फुटतो, नकाशा फुटत नाही

परवा पुन्हा तो फॉरवर्ड आला. 'आता तुमच्या शेताचा नकाशा एका क्लिकवर!' मी कधी काही बोलत नाही, पण या वेळी चुलत्यांनीच फोन करून विचारलं, "तू त्या नकाशाच्या कामात होतास ना? मग एवढं सांग, माझी विहीर शेजारच्याच्या वावरात कशी गेली?"

तात्या, उत्तर लांबलचक आहे. म्हणून इथे लिहितोय.

काही वर्षांपूर्वी मी एका ठेकेदार कंपनीत डिजिटायझेशन ऑपरेटर होतो. काम एकच. गावनकाशाचा स्कॅन उघडायचा, माउसने रेघा ओढायच्या, गट (म्हणजे नंबर पडलेला जमिनीचा तुकडा) बंद करायचा, आत नंबर टाकायचा, पुढचा गट घ्यायचा. पैसे गटामागे. एक नकाशा अजून डोळ्यांसमोर आहे. मागे कापड चिकटवलेला, घड्यांवर विरलेला. फाटलेल्या जागी कोणीतरी सेलोटेप लावली होती, आणि निघताना ती तीन गटांच्या रेघा सोबत घेऊन गेली होती. त्या तीन गटांच्या हद्दी मी आजूबाजूचा अंदाज घेऊन ओढल्या. विचारायला कोणी नव्हतं, आणि संध्याकाळी आकडा द्यायचा होता.

खरी गंमत पुढे. एका गावाचा नकाशा पडद्यावर ठीक दिसतो. शेजारच्या गावाचा आणून लावला की शीव जुळत नाही. कुठे मधे फट राहते, कुठे एक गाव दुसऱ्यावर चढतं. प्रत्यक्षात तिथे बांध एकच, फटीतली जमीन कोणाचीच नाही असं काही नसतं. आमचे सुपरवायझर म्हणायचे, "ताणून बसव." सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोयच असते, नाव रबर शीटिंग. नकाशा रबरासारखा ओढायचा, शिवेवरच्या रेघा जुळल्या की झालं. पण शीव ओढली की आतले गटही सरकतात. तात्यांची विहीर अशाच कुठल्या तरी ओढाताणीत बांध ओलांडून गेली असणार.

यात जुन्या मोजणीदारांचा दोष नाही हो. मोजणीची शंकू साखळी 33 फुटांची, तिचे 16 भाग, त्यांना आणे म्हणायचे. 33 बाय 33 फूट म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. हे माप आपण आजही प्लॉट घेताना तोंडी म्हणतो. ती माणसं साखळी टाकत उन्हातान्हात अख्खी गावं मोजत गेली. पण त्यांना शेतसारा ठरवायचा होता. शेत केवढं आणि शेजारी कोण, एवढं नीट आलं की काम झालं. ते शेत पृथ्वीवर नेमक्या कोणत्या अक्षांश-रेखांशावर आहे हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. पुढे 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्याने सर्व्हे नंबरांचे गट झाले, म्हणजे जुन्या मोजणीवर आणखी एक थर चढला. आता तोच कागद आपण उपग्रहाच्या फोटोवर पसरतो आणि त्याने मीटरभर अचूक असावं असं म्हणतो.

साधा हिशेब करा. 1:5000 प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर अडीच मीटर. नुसती शाईची जाडी. अडीच मीटरवरून आपल्याकडे भावाभावांची डोकी फुटली आहेत.

त्यात मूळ दुखणं निराळंच आहे. चार भावांच्या वाटण्या झाल्या, फेरफार झाला, सातबारे चार झाले. नकाशात मात्र अनेकदा गट एकच राहतो, कारण पोटहिस्स्याची, म्हणजे गटातल्या प्रत्येकाच्या वाट्याची, मोजणी कोणी मागितली नाही आणि कोणी केली नाही. सातबारा तलाठ्याकडे (आता म्हणायचं ग्राम महसूल अधिकारी, पण गावात तो तलाठीच), नकाशा भूमी अभिलेखकडे. दोघेही महसूल खात्याचेच, चुली मात्र वेगळ्या. सातबारा रोज बदलतो, नकाशा कोणी मोजणीचा अर्ज केला तरच बदलतो. या दोन गोष्टी पोर्टलवर शेजारी ठेवल्या म्हणून जोडल्या जात नाहीत.

हे सगळं कागदावर होतं तोवर चालून जायचं. आता त्या रेघेवर निर्णय होतात. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइल ॲपवर आपलं पीक स्वतः नोंदवणं, 15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर सुरू झाली. कल्पना मला मनापासून आवडली. तलाठ्याने गावात बसून पीकपेरा भरण्यापेक्षा शेतकऱ्याने शेतात उभं राहून फोटो काढावा, त्यात अक्षांश-रेखांश यावेत. मग पुढची पायरी आली, ॲप गटाचा नकाशा बघून तुम्ही शेताजवळ आहात की नाही ते तपासू लागलं. तेही योग्यच, पण नकाशा बरोबर असेल तर! तात्या स्वतःच्या कपाशीत गुडघाभर उभे आणि ॲप म्हणतं तुम्ही गटापासून लांब आहात. शेवटी ते शेजारच्याच्या तुरीत जाऊन उभे राहिले, तेव्हा घेतलं. मी हसलो, ते हसले नाहीत. पीक नोंदलं नाही तर नुकसानीच्या वेळी आणि हमीभावाच्या खरेदीला काय होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

म्हणजे मी जीआयएसच्या, या संगणकावरच्या नकाशांच्या तंत्राच्या, विरोधात आहे का? अजिबात नाही. महाराष्ट्र हे काम आज करायला लागलेला नाही. नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, ज्याला सगळे एमआरसॅक म्हणतात, 1988 चं आहे. आपला आयआरएस-1ए उपग्रह वर गेला तो त्याच वर्षी मार्चमध्ये. नियोजन विभागाखालची ही संस्था तेव्हापासून पाणलोट, जमीन वापर, पिकं यांचे नकाशे करते आहे. राज्याने हे तंत्र नीट वापरल्याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण दुष्काळाचं आहे. 2018 ला केंद्राच्या नव्या दुष्काळ संहितेप्रमाणे 'महामदत' प्रणाली वापरली गेली. पावसाची तूट, उपग्रहातून दिसणारा पिकांचा हिरवेपणा, मातीतला ओलावा, भूजल, हे सगळं तालुकावार बघायचं. त्या वर्षी 31 ऑक्टोबरला 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पण मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. उपग्रहाने सांगितलं म्हणून लगेच शिक्का बसत नाही. निवडलेल्या दहा टक्के गावांत माणसं पाठवून पीक प्रत्यक्ष बघायचं, फोटो घ्यायचे, आणि मगच निर्णय. उपग्रहाला हिरवं दिसतं ते सोयाबीन आहे की वेडी बाभूळ, आणि सोयाबीन असेल तर त्याला शेंगा लागल्यात का, हे बांधावर गेल्याशिवाय कळत नाही.

तरी 2023 ला काय झालं बघा. या पद्धतीने 40 तालुके दुष्काळी निघाले. आरडाओरडा झाला, आणि दहा दिवसांत पावसाच्या आकड्यावरून 1021 महसूल मंडळं (तालुक्याचे लहान भाग) दुष्काळसदृश म्हणून जोडली गेली. काही जण याला नुसतं राजकारण म्हणतील. मला वाटतं तालुका हे मापच फार मोठं होतं. एका टोकाला धरणाचं पाणी, दुसऱ्या टोकाला टँकर, आणि दोघांची सरासरी ठीकठाक.

नकाशाचं प्रमाण चुकलं की काय होतं याचं दुसरं उदाहरण लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. आपल्याकडे दरडींची शक्यता दाखवणारे नकाशे मुख्यतः 1:50,000 प्रमाणावर आहेत. त्यात एक मिलिमीटर म्हणजे 50 मीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी त्या कागदावर पेन्सिलच्या टोकाखाली झाकली जाते. असा नकाशा जिल्ह्यात काळजी कुठे घ्यायची ते सांगतो. कोणतं घर हलवायचं हे त्याला विचारायचंच नसतं, त्यासाठी डोंगर चढून जावं लागतं. पण नकाशावरून एकदा यादी झाली की यादीबाहेरचं ते सुरक्षित, असं वाचलं जातं. कोणी तसं लिहिलेलं नसतं तरीही.

आता एक सरळ झालेलं काम सांगतो. गावठाणांची ड्रोन मोजणी. केंद्राची स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 ची, पण त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत हा प्रयोग झाला होता. यात ड्रोन उडायच्या आधी काय करतात माहितीये? चुना टाकतात. ग्रामपंचायतीची आणि भूमी अभिलेखची माणसं घरोघर जातात, मालक आणि शेजारी समोर असताना पांढऱ्या फक्कीची रेघ मारतात. जे भांडण व्हायचं ते तिथेच, ओट्यावर होतं. "अहो, तो नळ माझ्या बाजूला घ्या." ड्रोन येतो तो त्यानंतर, आणि जे ठरलंय त्याचा फोटो काढून जातो. शेतजमिनीच्या कामात आम्ही हे उलटं केलं. आधी रेघ पडद्यावर ओढली, आणि भांडण शेतकऱ्याच्या नशिबी ठेवलं.

उपग्रहाच्या संकेतांवर जागा मोजणारे रोव्हर आले, मोजणी काही तासांत होते, अचूकता सेंटिमीटरमध्ये आली. उत्तम. पण रोव्हरने मोजलेला एक गट त्या ताणलेल्या नकाशात कुठे बसवायचा? तो बरोबर बसवला तर शेजारचे सहा सरकतात. ते सहा सरकवायचा अधिकार कोणाला, त्यांच्या मालकांना नोटीस कोण देणार, हे ठरवणं निविदा काढण्याइतकं सोपं नाही आणि त्याचं उद्घाटनही करता येत नाही. माझी मागणी फार नाही. महाभूनकाशावर, म्हणजे राज्याच्या नकाशांच्या पोर्टलवर, गट उघडला की तिथेच लिहा: ही रेघ कोणत्या साली, कशाने मोजलेली आहे, किती मीटर इकडेतिकडे असू शकते. आणि ज्या गटाची मोजणी झालेली नाही तिथे ॲपने शेतकऱ्याला बाहेर उभं करू नये.

त्या फाटक्या गावनकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट होती. प्रमाण, साल, मोजणी करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही. शाई फिकट झालेली, तरी वाचता येत होती. आमच्या फाईलमध्ये हद्द कोणी ओढली या रकान्यात 'युजर 4' असं होतं.

तात्या, युजर 4 मीच.