नशीब कोणत्या महिन्यात असते?

"नशीब लागते राज्या, नशीब," अडकित्त्यात सुपारी धरून काकांनी निकाल देऊन टाकला.

वाद निघाला होता दोन शेतांवरून. मधे एकच धुरा (बांध), वाण एकच, पेरणीत दोन-तीन दिवसांचा फरक. एकाचा कापूस घरात मावेना, दुसऱ्याच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, डोमकळ्याच डोमकळ्या (गुलाबी बोंडअळी लागून न उमललेल्या कळ्या). पारावर काकांशिवाय गुरुजी होते (शाळेतून निवृत्त, शेतीतून नाही), कृषी केंद्रवाला भाऊ होता अन् ॲग्री शिकलेला पोरगा होता. काकांचा निकाल तिघांनाही पटला नाही, पण कारणं तिघांची तीन.

"नशीब मान्य," गुरुजी म्हणाले. "पण कोणत्या महिन्यात ते सांगा. पेरणीत का वेचणीत?"

"पेरनीतच. पानी आलं तं पेरलं, उघाड पडली तं मेलं. त्यात मानसाच्या हाती काय हाये?"

"पानी किती आलं ते पाह्यलं काय पन, काका?" पोरगा मधे पडला. "७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका म्हनतात, ते काही उगीच नाई."

त्यानं मग जे सांगितलं ते इथं नीट लिहिण्यासारखं आहे. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. पहिल्या सरींचं पाणी बरंचसं त्या भेगांतून खाली जातं. वरचा थर भिजलेला दिसतो, त्याच्या खाली कोरडा पट्टा तसाच राहतो. सरकी वरच्या ओलीवर फुगते, कोंब टाकते, मूळ खाली गेलं की कोरड्याला लागतं. वरून ऊन तापलं की रोप तिथंच बसतं. म्हणून पेरण्याआधी दोन-चार ठिकाणी हातानं उकरून टीचभर ओल सलग लागते का ते पाहायचं. गावात पर्जन्यमापक नसेल तरी एवढं तर करता येतं. पावसाआधीच कोरड्यात धूळपेरणी करणाऱ्यानं मात्र नशिबाचं नाव खुशाल घ्यावं, कारण त्यानं स्वतःच जुगार मांडलेला असतो. कापसाच्या बियाण्याचं पाकीट ४७५ ग्रॅमचं, २०२५ ला किंमत नऊशे रुपयांच्या घरात होती. दुबार पेरणीत ते पुन्हा घ्यावं लागतं, वरून मजुरी.

काका हटले नाहीत, आणि त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. "थांबनं सोपं हाये काय बे? गावातले ट्रॅक्टर मोजून. ज्याची पाळी आज आली त्यानं आज पेरलं नाई, तं पुढची पाळी आठ दिवसानं. अन् बरडावर उशिरा पेरलं तं बोंडं भरायच्या टायमालेच ओल संपते."

हे खरं आहे. भारी जमिनीचा मालक थांबू शकतो, बरडवाल्याला, म्हणजे हलक्या जमिनीच्या मालकाला, थांबणंही महागात पडतं. जमीन कोणती मिळाली यात कोणाची मेहनत? अकोटच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी विहिरीला गोडं पाणी, तिथून खाली पूर्णेकडं उतरलं की खारं. खारपाणपट्ट्यात जन्मला त्यानं बोअर मारली तरी ते पाणी सारखं दिल्यानं जमीन चोपण होते, म्हणजे क्षारानं घट्ट बसते. त्याला शेततळं अन् पावसाचं पाणी, एवढाच मार्ग. याला नशीब म्हणायचं नसेल तर मग कशाला म्हणायचं? गुरुजींनी इथं फक्त मान हलवली.

पण सोयाबीनवर ते पुन्हा तापले. "घरचं बियाणं उगवलं नाही म्हणून कपाळाला हात लावणारे मला चालत नाहीत. ओला बारदाना लागतो, दुसरा खर्च काय?" शंभर दाणे मोजायचे, ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या ओळीत ठेवायचे, वरून दुसरा ओला तुकडा, गुंडाळी करून सावलीत. पाणी शिंपडत राहायचं, सहाव्या-सातव्या दिवशी उघडून धड कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर एकरी ३० किलो. साठ निघाले तर ३५. त्याखाली असेल तर ते बाजारात विका, पेरू नका. सोयाबीनचं टरफल पातळ. मळणीयंत्र जोरात फिरवलं, पोती उंचावरून आदळली, थप्पीवर थप्पी रचली, की दाणा वरून चांगला दिसतो अन् आतून मेलेला असतो. म्हणजे जूनमधली उगवण आदल्या ऑक्टोबरातच बिघडलेली असते.

एवढा वेळ कृषी केंद्रवाला भाऊ मजेत ऐकत होता. पोरग्यानं त्याच्याकडं मोर्चा वळवला तसा तो सावरून बसला.

"वान कोनता पेराचा हे कोन ठरवते, भाऊ? शेतकरी का तुमची उधारीची वही?"

"म्हनजे?"

"पीककर्ज मे महिन्यात हाती आलं तं मानूस रोख घेऊन चार दुकानं फिरते. नाई आलं तं तुमच्याकडं उधारीवर येते. तुमी जे पाकीट काढता तेच त्याची निवड. खत बी तेच, फवारा बी तेच. अन् दिवाळीले तुमचे पैसे चुकते कराचे म्हनून पयल्या वेचनीचा ओला कापूस गावात येऊन घेनाऱ्या खेडा खरेदीवाल्याले देते. तो म्हनीन तो भाव."

भाऊ चिडला. "मी उधार नाई देल्लं तं पेरतीन कायनं? बँक तं दारात उभं करत नाई. अन् वसुली झाली नाई तं माह्यं कोन भरते?"

दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच वाद चढला. माझ्या मते सगळ्या चर्चेतला हाच मुद्दा वजनदार. आपण ज्याला 'त्यानं चुकीची निवड केली' म्हणतो, त्यातल्या कित्येक निवडी त्यानं केलेल्याच नसतात. रोकड नसली की मेहनतीचा उपयोगही अर्धा होतो. निंदण आठ दिवस लांबलं तर तो आळस नसतो, मजुरी द्यायला पैसे नसतात.

विक्रीचा हिशेब पोरग्यानं बोटांवर मांडला. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ओलावा ८ टक्के असेल तर पूर्ण भाव, पुढं प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, म्हणजे ८१ रुपये. १२ टक्के ओलावा निघाला तर क्विंटलमागं सव्वातीनशे रुपये गेले, त्यावर निघाला तर गाडी परत. सकाळी दहिवरात वेचून तसाच बोरीत दाबलेला कापूस तिथंच मार खातो. ऊन चढल्यावर वेचा, ताडपत्रीवर वाळू द्या. शिवाय ई-पीक पाहणी (मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद) झालेली पाहिजे, सीसीआयच्या कपास किसान ॲपवर नोंदणी पाहिजे. हे न करता भावाला शिव्या देणाऱ्याची गुरुजींना चीड येते.

"अन् तो भाव कोन पाडते?" काका म्हणाले. "२०२५ च्या ऑगस्टात कापसावरचं ११ टक्क्याचं आयात शुल्क काढलं ना सरकारनं? डिसेंबरपर्यंत माफ होतं. ते काय आमी ओला कापूस वेचला म्हनून काढलं?"

यावर कोणाजवळ उत्तर नव्हतं. २०२१-२२ ला कापूस दहा हजारांवर गेला, तेव्हा शहाणा अन् आळशी दोघांचाही गेला. पुढच्या हंगामात त्याच आशेनं कापूस घरात ठेवला तो मात्र स्वतःच्या निर्णयानं. भाव उतरला, वजन घटलं, अन् घरच्यांच्या अंगाला खाज सुटली ती वेगळीच.

शेवटी गाडी पुन्हा त्या दोन शेतांवर आली. डोमकळ्या ज्याच्या वावरात होत्या त्यानं कामगंध सापळे (मादीच्या वासानं बोंडअळीचे नर पतंग ओढणारे) लावलेच नव्हते, असं भाऊनं सांगितलं. एकरी दोन सापळे, पऱ्हाटीच्या शेंड्याच्या फूटभर वर. सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस सापडले की फवारणीची वेळ. किंवा वीस झाडांची वीस हिरवी बोंडं फोडायची, दोनांत अळी दिसली तर तेच. गुलाबी अळी बोंडात शिरली की बाहेरून भोकही दिसत नाही, मग कितीही महाग औषध मारा. २०१७ ला सगळ्या विदर्भानं हे पाहिलं.

"अन् शेजाऱ्यानं फरदड ठेवली, हंगाम संपल्यावर बी पऱ्हाटी उभीच ठेवली तं?" काकांनी विचारलं. "याचे सापळे काय करतीन? पतंगाले धुरा दिसते काय?"

"म्हनून तं म्हनतो, डिसेंबरात सगळ्या गावानं पऱ्हाट्या उपटा," पोरगा म्हणाला. "उपटून धुऱ्यावर रचल्या तं उपयोग नाई. त्यातल्या कवड्या, नीट न फुटलेल्या बोंडात अळी झोपून राह्यते, पावसाळा लागला की पतंग होऊन निंघते. बारीक करून मातीत गाडा. नाई तं निदान बोंडं तोडून जाळा, मंग रचा."

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "हे मात्र नशिबाच्या नावावर टाकता येत नाही."

"गुरुजी," काकांनी सुपारी तोंडात टाकली, "तुमच्या वाड्यामांगं जो पऱ्हाट्याचा ढीग हाये, त्याची बोंडं तोडली काय?"

गुरुजी काही बोलेनात. मग म्हणाले, "अर्धा ढीग तुमच्याच घरी चुलीसाठी मागितलाय. तोडायची असतील तर दोन्ही घरची माणसं लागतील."

"उद्या सकाळी या मंग," काका म्हणाले. "अन् याले बी आना. लय सांगून राह्यला."